‘आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे जा’: लिनक्सवरचा बग नेमका कुणाकडे नोंदवायचा?

लक्षण ओळखीचं आहे. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम बिघडतो. तुम्ही वेळ काढून, इंग्रजीची जुळवाजुळव करून मूळ प्रकल्पाकडे बग नोंदवता आणि दुसऱ्या दिवशी तो बंद झालेला दिसतो. शेरा एका ओळीचा: डिस्ट्रोकडे (डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार संचाकडे) नोंदवा. डिस्ट्रोकडे जावं तर तिथला मेंटेनर, म्हणजे त्या प्रोग्रॅमचं पॅकेज सांभाळणारा माणूस, म्हणतो, हे अपस्ट्रीमचं (मूळ प्रकल्पाचं) काम. सरकारी कार्यालयातल्या खिडक्यांसारखी टोलवाटोलवी होते, माणूस वैतागतो आणि पुढच्या वेळी बग नोंदवतच नाही.

बहुतेक वेळा यात कुणाचा उद्धटपणा नसतो. तुमच्या मशीनवर चालणारी प्रत नेमकी कुणी बांधली, हे नोंदवणाऱ्यालाही माहीत नसतं आणि त्याने ते लिहिलेलंही नसतं. पत्ता ठरतो तो या एका गोष्टीवर. प्रोग्रॅमच्या नावावर पत्ता ठरवायला गेलात की फसलात.

एकच लक्षण, तीन मालक

कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम घेऊ. ‘ब्राउझरशी जोडणी होत नाही’ ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. २०२४ च्या मे महिन्यात डेबियनच्या अनस्टेबल शाखेत (नव्या आवृत्त्या आधी येतात ती) अपडेट घेणाऱ्यांना अचानक हेच दिसू लागलं. काल चालणारी जोडणी आज गायब, आणि सेटिंगमध्ये तो पर्यायसुद्धा नाही. मूळ प्रकल्पाकडे तक्रारींची रीघ लागली. प्रत्यक्षात मूळ प्रकल्पाने काहीच काढलं नव्हतं. डेबियनच्या मेंटेनरने हल्ल्याला वाव कमी राहावा म्हणून ब्राउझर जोडणीसारख्या सोयी वगळून पॅकेज बांधलं होतं, आणि सगळ्या सोयींसकटचं पॅकेज ‘कीपासएक्ससी-फुल’ या वेगळ्या नावाने ठेवलं होतं. हा बदल आमचा नाही, तक्रार डेबियनकडे करा, असं प्रकल्पाच्या लोकांना जाहीर सांगावं लागलं. मेंटेनरचा निर्णय बरोबर की चूक यावर भरपूर वाद झाला. माझ्या मते जुन्या नावाखाली सोयी काढून घेणं चूकच होतं. पण तो वाद घालायची जागाही डेबियनच होती.

त्याआधी, २०२२ मध्ये, उबुंटू २२.०४ आली तेव्हाही लक्षण हेच होतं, कारण मात्र निराळं. त्या आवृत्तीत फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या वेष्टनात आला. स्नॅपमधला प्रोग्रॅम कुंपणात चालतो. ब्राउझरला कुंपणाबाहेरच्या पासवर्ड मॅनेजरशी बोलायची वाट सुरुवातीला नव्हती, ती नंतर करून दिली गेली. म्हणजे कीपासएक्ससीमध्ये बिघाड नाही, डेबियनच्या पॅकेजमध्येही नाही. दोष फायरफॉक्सच्या वेष्टनाचा.

तिसरी शक्यता साधी: कीपासएक्ससीच्या कोडमध्येच खराबी असेल. तेव्हा मात्र मूळ प्रकल्पच गाठायचा.

हे तिन्ही प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. वेगळे ओळखायला या प्रोग्रॅमने एक छान सोय केली आहे. हेल्प मेनूतल्या ‘अबाउट’मध्ये ‘डीबग इन्फो’ नावाचं पान आहे. त्यात आवृत्ती आणि ‘एनेबल्ड एक्स्टेन्शन्स’ या शीर्षकाखाली या प्रतीत कोणकोणत्या सोयी आहेत त्यांची यादी मिळते. त्या यादीत ब्राउझर इंटिग्रेशन नसेल तर प्रत बांधतानाच ते वगळलेलं आहे. पुढे कुठे जायचं याचा निकाल तिथेच लागतो. लिबरऑफिसच्या ‘अबाउट’ खिडकीतही अशीच माहिती असते. बग नोंदवायच्या आधी ही खिडकी उघडायची सवय लावून घ्या.

आधी प्रत ओळखा

(खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.)

डेबियन, उबुंटू, मिंट यांपैकी काहीही असेल तर टर्मिनलमध्ये ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. उत्तरात ‘इन्स्टॉल्ड’ आणि ‘कँडिडेट’ या ओळी दिसतील आणि त्याखाली आवृत्त्यांचा तक्ता. ज्या ओळीपुढे तीन चांदण्या असतात ती तुमची प्रत. त्या चांदण्यांच्या खालची ओळ खरी महत्त्वाची, कारण प्रत कोणत्या भांडारातून आली ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे डेबियनचं किंवा उबुंटूचं अधिकृत भांडार असेल तर गोष्ट सरळ आहे. पीपीएचा (कुणीही उघडू शकतो अशा खासगी भांडाराचा) पत्ता दिसला तर ज्याने तो पीपीए चालवला आहे तो मालक, उबुंटू नव्हे. आणि तिथे भांडाराचा पत्ताच नसून फक्त डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या ‘स्टेटस’ फाइलचा मार्ग असेल, तर बहुधा कधीतरी कुठून तरी डेब फाइल (डेबियन-उबुंटूचं पॅकेज) उतरवून हाताने बसवली आहे आणि ती विस्मरणात गेली आहे. हे फार वेळा सापडतं.

आवृत्तीच्या क्रमांकातही बरंच दडलेलं असतं. समजा क्रमांक ‘२.७.७+डीएफएसजी-३उबुंटू१’ असा आहे. पहिला भाग, २.७.७, मूळ प्रकल्पाचा. ‘डीएफएसजी’ म्हणजे मुक्त परवान्याच्या निकषात न बसणाऱ्या फाइली डेबियनने मूळ कोडमधून काढल्या आहेत. डॅशनंतरचा ३ ही डेबियनची बांधणी, आणि ‘उबुंटू१’ म्हणजे त्यावर उबुंटूने आणखी काही बदल केले. शेपटीत ‘उबुंटू’ नसेल तर उबुंटूने हे पॅकेज डेबियनकडून जसंच्या तसं उचललं आहे, आणि उबुंटू भांडाराच्या युनिव्हर्स नावाच्या विभागात अशी पॅकेजं ढिगाने आहेत. ‘बीपीओ’ दिसलं तर बॅकपोर्ट, म्हणजे जुन्या डिस्ट्रोसाठी बांधलेली नवी आवृत्ती. फेडोराच्या पॅकेजात ‘एफसी’ आणि पुढे फेडोराचा क्रमांक असतो. इतकं वाचता आलं की कितीतरी चुकीच्या फेऱ्या वाचतात.

फेडोरावर ‘आरपीएम -क्यूआय’ दिल्यावर ‘बग यूआरएल’ अशी ओळच येते. पत्ता आयता हातात. फक्त ‘व्हेंडर’ आधी पाहा. पॅकेज आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या भांडाराचं असेल तर त्यांचा बग ट्रॅकर स्वतंत्र आहे. आर्चवर ‘पॅकमन -क्यूआय’ देऊन ‘पॅकेजर’ पाहायचा.

फ्लॅटपॅक (स्नॅपसारखंच दुसरं वेष्टन) आणि स्नॅप इथेच खरी गफलत होते. एकच प्रोग्रॅम डेब म्हणूनही बसलेला असतो आणि फ्लॅटपॅक म्हणूनही. मेनूत एकसारखी दोन चिन्हं दिसतात, माणूस एक उघडतो आणि आवृत्ती दुसऱ्याची लिहितो. ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ आणि ‘स्नॅप लिस्ट’ या दोन्ही कमांड चालवून खात्री करा. ‘फ्लॅटपॅक इन्फो’मध्ये ‘ओरिजिन’ पाहा: फ्लॅटहब (फ्लॅटपॅकचं मोठं भांडार) आहे की फेडोरा? दोन्हीकडची बांधणी वेगळी असते. २०२५ च्या सुरुवातीला ओबीएस स्टुडिओ हा व्हिडिओ रेकॉर्डिंगचा प्रकल्प आणि फेडोरा यांच्यात यावरूनच जुंपली. फेडोराने स्वतः बांधलेला ओबीएसचा फ्लॅटपॅक लोकांना अधिकृत वाटायचा, तो नीट चालायचा नाही आणि तक्रारी ओबीएसकडे यायच्या. प्रकरण आमचं नाव आणि चिन्ह वापरू नका, नाहीतर कायदेशीर मार्ग पत्करू, इथपर्यंत गेलं. नंतर समेट झाला. चिडण्यामागचं कारण मात्र आपण वापरणाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे: दुसऱ्याने बांधलेल्या प्रतीची उत्तरं द्यायची पाळी त्यांच्यावर येत होती.

स्नॅपसाठी ‘स्नॅप इन्फो’मध्ये ‘पब्लिशर’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ अशा ओळी असतात. प्रकाशकाच्या नावापुढे बरोबरची खूण असेल तर त्याची ओळख पडताळलेली आहे. फ्लॅटहबवरही पडताळलेल्या प्रोग्रॅमवर तशी खूण असते. खूण नसेल तर बहुधा तिसऱ्याच कुणी स्वयंसेवकाने प्रत बांधली आहे, तेव्हा फ्लॅटहबवर त्या प्रोग्रॅमचं जे स्वतंत्र भांडार असतं तिथे नोंदवा.

मूळ प्रकल्प जुन्या प्रतीवर का चिडतात

डेबियन स्टेबल आणि उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्त्यांमध्ये पॅकेजच्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. डेबियनची बारावी आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये आली, तेरावी २०२५ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे डेबियन १२ च्या माणसाकडे दोन वर्षांनंतरही बहुतेक प्रोग्रॅम २०२३ चेच. दरम्यान मूळ प्रकल्प कितीतरी पुढे गेलेला असतो. एक्सस्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झाविन्स्की याला इतके कंटाळले की त्यांनी प्रोग्रॅममध्येच ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ असा इशारा ठेवला, ठरावीक काळ उलटला की आपोआप दिसणारा. २०१६ मध्ये डेबियन ८ च्या लोकांना तो दिसू लागला आणि गदारोळ झाला. कधीच दुरुस्त केलेल्या चुकांच्या तक्रारी मला पुन्हापुन्हा येतात, हे त्यांचं म्हणणं होतं. मार्ग आततायी होता, दुखणं मात्र खरं.

म्हणून नियम असा: प्रत गोठवलेल्या डिस्ट्रोची असेल तर पहिली नोंद डिस्ट्रोकडे. डेबियनचं धोरण तर स्पष्ट आहे. बग त्यांच्या ट्रॅकरवर टाका, अपस्ट्रीमचा असेल तर पुढे पाठवायचं काम मेंटेनरचं. नोंदीवर ‘फॉरवर्डेड’ असा शेरा येतो आणि पुढची साखळी सगळ्यांना दिसते. सगळे मेंटेनर हे तत्परतेने करतात असं नाही, काही नोंदी वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. तरीही सुरुवात तिथेच.

सरळ अपस्ट्रीमकडे जायचं असेल तर एक परीक्षा द्या. मूळ प्रकल्पाने स्वतः बांधलेली ताजी प्रत मिळवा. कीपासएक्ससी, लिबरऑफिस, केडेनलाइव्ह यांच्या अ‍ॅपइमेज (एकाच फाइलमधला अख्खा प्रोग्रॅम) मिळतात, त्या इन्स्टॉल न करता चालतात. बग तिथेही दिसला तर निःशंकपणे अपस्ट्रीमकडे नोंदवा आणि ‘तुमच्याच प्रतीवर तपासलं’ हे पहिल्या ओळीत लिहा. त्या एका वाक्याने नोंदीकडे बघायची नजरच बदलते. ताज्या प्रतीत बग दिसला नाही तर तो सुटलेला आहे किंवा डिस्ट्रोच्या बांधणीतला आहे. दोन्ही प्रकारांत डिस्ट्रोकडेच जायचं, आणि ‘अमुक आवृत्तीत दिसत नाही’ ही माहिती मेंटेनरला हवीच असते.

नवी सोय हवी असेल तर मात्र डिस्ट्रोकडे जाऊन उपयोग नाही. ती मागणी अपस्ट्रीमचीच.

आपला ‘ऱ्य’ बिघडतो तेव्हा

मराठी माणसाला हमखास भेटणारं उदाहरण म्हणजे ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ लिहायला जावं आणि ‘दर्या’, ‘सुर्या’ उमटावं. लगेच ‘लिबरऑफिसला मराठी येत नाही’ असा निकाल दिला जातो. इथे संशयित पाच आहेत: कीबोर्ड, फॉन्ट, अक्षरजोडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी, लिबरऑफिस आणि डिस्ट्रोची बांधणी.

कीबोर्डपासून सुरू करा. साधा र, हलन्त आणि य असं टाइप केलं तर रफारच येणार, ‘आचार्य’मध्ये तोच हवा असतो. आडवा र हवा तर युनिकोडमध्ये नुक्तावाला ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्टवर ऱ शिफ्ट आणि जे दाबून येतो. तेव्हा अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, बग नसतोच. बरोबर कळ दाबूनही चुकीचं अक्षर येत असेल तर दोष कीबोर्डच्या मांडणीचा, लिबरऑफिसचा काही संबंध नाही.

अक्षरं बरोबर असून चित्र चुकीचं येत असेल तर फॉन्ट बदला. लोहित देवनागरीत बिघडतंय आणि नोटो सॅन्स देवनागरीत नीट दिसतंय, तर मामला फॉन्टचा. सगळ्या फॉन्टमध्ये बिघडत असेल तर तोच मजकूर फायरफॉक्समध्ये चिकटवून पाहा. फायरफॉक्सही हार्फबझच वापरतो. तिथे नीट आणि लिबरऑफिसमध्ये वाईट असेल तर लिबरऑफिसकडे बोट. सगळीकडेच वाईट असेल तर ‘एचबी-व्ह्यू’ ही हार्फबझची छोटी कमांड आहे, तिला फॉन्टची फाइल आणि मजकूर द्यायचा, ती चित्र काढून दाखवते. त्या चित्रात चूक दिसली तर लिबरऑफिस सुटला. मग प्रश्न फक्त फॉन्ट की हार्फबझ एवढाच उरतो.

राहिला डिस्ट्रो. डेबियनचा लिबरऑफिस सिस्टिममधली हार्फबझ वापरतो, तर डॉक्युमेंट फाउंडेशनची अधिकृत प्रत स्वतःची हार्फबझ सोबत घेऊन येते. एकीत बरोबर आणि दुसरीत चूक असा निकाल आला तर सहसा पाणी त्या फरकातच मुरतंय. आणि ल, श यांची वळणं हिंदीसारखी दिसतात ही तक्रार नोंदवायच्या आधी मजकुराची भाषा मराठी लावली आहे का ते पाहा. काही फॉन्ट भाषेनुसार ही अक्षरं बदलतात.

कुठे, कसं

डेबियनच्या ट्रॅकरला खातं लागत नाही, सगळं ईमेलवर चालतं. ‘रिपोर्टबग’ चालवा. ती आधी त्या पॅकेजच्या जुन्या नोंदी दाखवते, मग आवृत्ती आणि संबंधित पॅकेजांची यादी आपोआप जोडते. लक्षात ठेवा, तुमचा ईमेल पत्ता जगाला दिसणार आहे. गांभीर्य विचारलं की ‘ग्रेव्ह’ किंवा ‘क्रिटिकल’ ठोकून देऊ नका. ‘सीरियस’पासून वरच्या पायऱ्या डेबियनची पुढची आवृत्ती अडवू शकतात, आणि उगाच वर चढवलेली नोंद मेंटेनर खाली आणतोच.

उबुंटूवर ‘उबुंटू-बग’ आणि पॅकेजचं नाव. लाँचपॅड या उबुंटूच्या ट्रॅकरवर जाऊन हाताने लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण लागणारी माहिती तीच गोळा करते. तिथल्या नोंदीला अपस्ट्रीमची नोंद जोडता येते. उबुंटूवर दिसलेला बग थेट डेबियनकडे नेऊ नका, आधी डेबियनवरही तो दिसतो का ते तपासा. मिंटवर सिनॅमन हा डेस्कटॉप आणि मिंटची स्वतःची साधनं मिंटकडे, बाकीचं बहुतेक उबुंटूचं.

फेडोराचे बग रेड हॅट कंपनीच्या बगझिला या ट्रॅकरवर. एक त्रास आहे: फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने चालते आणि ती संपली की तिच्यावरचे उघडे बग आपोआप बंद होतात. नव्या आवृत्तीवर बग अजून दिसत असेल तर नोंदीतला आवृत्तीचा रकाना वेळेत बदला. आर्च २०२३ पासून गिटलॅबवर आहे. आर्च पॅकेजात फारसे बदल करत नाही, त्यामुळे तिथे अपस्ट्रीमकडे जाण्याचा सल्ला लवकर मिळतो आणि तो सहसा बरोबर असतो. एयूआर हे मात्र वापरणाऱ्यांनीच चालवलेलं भांडार आहे, अधिकृत नाही. तिथल्या पॅकेजचा बग त्या पॅकेजच्या पानावर प्रतिक्रिया म्हणून, दुसरीकडे कुठेही नाही.

नोंदीत काय लिहायचं हे सगळीकडे सांगितलेलं असतं, म्हणून फक्त दोन गोष्टी. पहिली, सिस्टिम मराठीत असेल तर एरर मराठीत येतात आणि समोरच्याला त्या शोधता येत नाहीत. कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावून ती पुन्हा चालवा, मेसेज इंग्रजीत येईल. दुसरी, लॉग चिकटवण्याआधी वाचा. त्यात तुमचं नाव, फोल्डरांची नावं, कधी ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ताही असतो. क्रॅशच्या डंपमध्ये तर त्या क्षणीच्या मेमरीचा तुकडाच असतो. म्हणूनच लाँचपॅडवर क्रॅशच्या नोंदी सुरुवातीला खासगी ठेवल्या जातात. पासवर्ड मॅनेजरचा डंप कुठेही उघड टाकू नये.

सुरक्षेचा बग असेल तर

वरचं सगळं बाजूला ठेवा आणि उघड ट्रॅकरवर काहीही लिहू नका. डिस्ट्रोंची सुरक्षा पथकं असतात, त्यांचे पत्ते त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. बगझिला आणि लाँचपॅडवर नोंद सुरक्षेसंबंधी असल्याची खूण करता येते. कुणाकडे जावं याची पंचाईत इथेही पडते. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यातून फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मधलं मागचं दार (मुद्दाम ठेवलेली छुपी वाट) उघडकीला आलं. सुरुवातीला प्रकार डेबियनपुरता वाटल्याने त्यांनी डेबियनच्या सुरक्षा पथकाला कळवलं, नंतर इतर डिस्ट्रोंच्या सुरक्षा लोकांना. अपस्ट्रीमकडे त्यांनी नोंद केलीच नाही, कारण घात अपस्ट्रीममध्येच होता. उलटं उदाहरण २००८ चं: डेबियनने ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीत २००६ साली केलेल्या बदलामुळे त्या किल्ल्यांमधली विविधता इतकी आटली की त्या अंदाजाने ओळखता येऊ लागल्या. मूळ ओपनएसएसएलमध्ये तो दोष नव्हता. दोन्ही वेळा आधी कळवायची जागा डिस्ट्रोचं सुरक्षा पथक हीच योग्य होती, आणि शंका असेल तेव्हा मी तोच पत्ता सुचवतो.

दोघेही नाही म्हणाले तर

तरीही टोलवाटोलवी झालीच, तर पुरावा वाढवा, आवाज नको. नवा यूझर बनवून त्यात प्रोग्रॅम चालवा, म्हणजे जुन्या सेटिंगचा संशय जातो. दुसऱ्या डिस्ट्रोच्या लाइव्ह यूएसबीवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये तेच करून पाहा. तीन डिस्ट्रोंवर सारखाच बिघाड दिसला तर डिस्ट्रोला दोष देणं अपस्ट्रीमला जड जाईल. एकाच डिस्ट्रोवर दिसला तर मेंटेनरला झटकता येणार नाही. दोन्हीकडच्या नोंदींचे दुवे एकमेकींत टाका, नाहीतर पुढचा माणूस पुन्हा शून्यापासून सुरू करेल.

आणि नोंदवल्यावर ईमेल पाहत राहा. लाँचपॅडवर माहिती मागितली की नोंद ‘इनकम्प्लीट’ होते, आणि उत्तर आलं नाही तर ६० दिवसांनी ती आपोआप मुदतबाह्य ठरू शकते. ‘फिक्स रिलीज्ड’ दिसलं तर ते कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते वाचा. ती दुरुस्ती बहुतेकदा पुढच्या आवृत्तीत आलेली असते. तुमच्या एलटीएसमध्ये हवी असेल तर त्याच नोंदीवर तशी विनंती करावी लागते, आणि ती मान्य होण्यासाठी बग कसा घडवून आणायचा याच्या पायऱ्या नेमक्या लिहिलेल्या असाव्या लागतात.